जिनाची चिमणी

“इथं बसून डास मारण्यापरीस चला, तुमाले आमची चिमणी दाखवतो,” असं म्हणून ती झाडू दाराआड ठेवायची आणि उत्तराची वाट न पाहता चालू लागायची.

तुमच्यापैकी कुणी त्या काळी पुलगावला गाडी बदलून आर्वीला गेलं असेल, तर ती तुम्हालाही भेटली असेल. बायकांच्या वेटिंग रूमची ती आया. मी तिकीट खिडकीवर होतो. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. मोठ्या गाडीतून उतरलेल्यांना आर्वीच्या लहान गाडीसाठी फार थांबावं लागे. कंटाळलेल्या बायकांना मावशी रुळांपलीकडच्या, बंद पडलेल्या जुन्या जिनात घेऊन जायची. कापसातून सरकी काढणाऱ्या तिथल्या यंत्रांवर तिनं लग्नाआधी काम केलं होतं.

काळ्या दगडाची कमान, कमानीवर चुन्यात घडवलेली कापसाची बोंडं आणि मागे लाल विटांची उंच चिमणी. मावशी सांगायची ते सगळंच खरं नसे. कुणाला ती सांगे, ही विलायतेच्या राणीनं बांधली. कुणाला सांगे, हिच्या टोकावरून नागपूर दिसते.

“तुम्ही चढला होता का?”

“मी काऊन चढू? दिसते म्हंजे दिसते!”

एका लहान मुलीनं सगळं पाहून झाल्यावर विचारलं, “पण चिमणी उडून गेली का?” मावशी कमानीखाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

एकदा पुण्याच्या दोघींची तिच्यामुळे गाडी चुकली. स्टेशन मास्तरांनी तिला फैलावर घेतलं. तिनं त्या दोघींना घरी नेऊन जेवू घातलं, झोपायला जागा दिली, आणि सकाळी पुन्हा चिमणीच दाखवली.

ऐंशी साल उलटल्यावर मालकाच्या वारसांनी जिनाची जागा विकली. चिमणी पाडायला ठेकेदार आला. मावशी त्याच्याकडे गेली.

“भाऊ, परगावचे लोक पाहाले येतात. कमान तरी राहू द्या.”

“कोन येते, मावशी? तुम्हीच तं आनता.”

मावशी माघारी फिरली.

ठेकेदाराला वर चढणारी माणसं हवी होती. मावशीचा मुलगा कित्येक महिने घरी बसून होता. तो कामावर गेला.

“मावशी, तुम्ही त्याला अडवलं नाही?” मी विचारलं.

“काऊन अडवू? त्याले काम भेटलं, बरं झालं. लेकराइचं पोट चिमणी भरन का?”

दुपारी ती त्याचा डबा घेऊन जायची आणि जिनाकडे पाठ करून, रुळांकडे तोंड करून बसायची. वरून विटा पडल्या की तिचे खांदे दचकायचे. एक दिवस मुलगा खाली आला आणि हसत म्हणाला, “माय, टोकाले गेलतो. नागपूर काई दिसत नाई.”

“जेव तू आधी,” ती म्हणाली.

मजुरीसोबत ठेकेदारानं त्याला विटाही दिल्या. त्यातून त्यानं झोपडीशेजारी आईसाठी एक पक्की खोली बांधली. चिमणीच्या त्या विटा एका बाजूला निमुळत्या, त्यामुळे भिंत मधेच पोट काढून उभी राहिली. आम्हा स्टेशनच्या लोकांना त्यानं कौतुकानं चहाला बोलावलं. मावशीनं सगळ्यांना कप दिले, पण ती उंबऱ्याच्या आत आली नाही. मला वाटलं, कामात असेल.

नंतर वेटिंग रूममध्ये ती नुसती बसून असायची. पुढं माझी बदली झाली.

काही वर्षांनी पुलगावला गेलो तेव्हा मावशी गेल्याचं कळलं. घरी गेलो. मुलानं खोली उघडून दाखवली. आत सगळं नवंच्या नवं.

“माय इथं एक दिवस नाई झोपली, बाबूजी. थंडीत बी आंगणात. म्या लय म्हनलं.” तो भिंतीवरून हात फिरवत होता. “मले कधी बोलली नाई. तुमाले काई सांगे का?”

“सांगायची,” मी म्हणालो. “तुला काम मिळालं, बरं झालं म्हणायची.”

त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही. बाहेर अंगणात तिची बाज अजून तशीच होती, वर घडी घातलेलं घोंगडं.