मोगऱ्याच्या डब्यांमधली बैठक

मी लग्न होऊन ग्वाल्हेरला आले तेव्हा सासऱ्यांची दरबारातली नोकरी सुटलेली होती. संस्थान विलीन झालं, त्यांचं खातंच उरलं नाही. दौलतगंजात भाड्याच्या दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. मामंजी दिवसभर घरात, म्हणून मी दिवसभर डोक्यावर पदर घेऊन. उन्हाळ्यात तर भिंतीला हात लावला की चटका बसायचा.

वर गच्ची होती. मोडक्या बाजा, विटांचे तुकडे आणि कबुतरांची घाण यांनी भरलेली. यांना घरमालकाकडे पाठवलं. तो म्हणाला, "जो करना है, कर लो."

दुपारी सगळे आडवे झाले की मी वर जायची. घाण खरवडली, चुना फासला. नळ तळमजल्यावर, त्यामुळे भरलेल्या बादल्या घेऊन जिने चढले. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत मोगरा लावला. माकडांनी उपटला, पुन्हा लावला. नई सडकेवरून यांनी वाळ्याचे पडदे आणले, ते मावळतीच्या बाजूला बांधले. एक बाज नव्यानं विणून घेतली. संध्याकाळी पडद्यांवर पाणी मारलं की गार वास सुटायचा. पदर खांद्यावर टाकून मी नुसती बसायची. कुणी हाक मारत नव्हतं.

हे सुख जेमतेम आठवडाभर टिकलं. मामंजी वर आले, चहूकडे बघून म्हणाले, "वा, सूनबाई! ही तर अगदी बैठकीची जागा केलीस."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे दोन मित्र येऊ लागले, तेही दरबारातून सुटलेले. राज्यांची पुनर्रचना होणार, राजधानी भोपाळला जाणार, मग ग्वाल्हेरला कोण विचारणार, हीच चर्चा रोज. माझ्या बाजेवर ते तिघं आणि मी चहाचे कप घेऊन जिन्यात.

मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "बाबांचं सगळं गेलं गं. एवढं तरी असू दे त्यांना."

"आणि मला?"

यांनी वर्तमानपत्र उघडलं.

मग एकदा चहा घेऊन गेले तर मामंजींच्या मित्रांपैकी एक जण मोगऱ्याच्या डब्यात पान थुंकत होते. मी ट्रे खाली ठेवला आणि डबा उचलला.

"यात थुंकायचं नाही," मी म्हटलं.

"सूनबाई!" मामंजी ओरडले.

"पाणी मी खालून वाहून आणते, मामंजी. तुम्ही सकाळी बसा. संध्याकाळ मला हवी आहे."

मित्र उठून गेले ते परत आले नाहीत. मामंजी मात्र रोज संध्याकाळी येत राहिले. एकटेच, माझ्याकडे पाठ करून. सासूबाई म्हणाल्या, "झालं समाधान? घालवलेस ना त्यांचे लोक?" मी काही दिवस वर गेलेच नाही. मग वाटलं, का म्हणून? गेले, जमिनीवरच बसले, आणि पदर खांद्यावर टाकला. मामंजींनी वळून पाहिलं, पुन्हा तोंड फिरवलं. उठले मात्र नाहीत. मीही उठले नाही.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत यांचं ऑफिस भोपाळला हललं होतं आणि आम्हीही. मोगऱ्याचे डबे खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिले. त्यांनी त्यांत मिरच्या लावल्या, असं नंतर कळलं.