साक्षीदारांच्या दोन रिकाम्या ओळी

माझा आप्पामामा हट्टी होता. त्याच्या हट्टापायी माझी मावशी या वयात घर शोधते आहे.

तो गेला त्याला आज वर्ष झालं. सकाळपासून फोन येताहेत. किती स्वाभिमानी माणूस. कधी कोणाकडे काही मागितलं नाही.

हो. नाही मागितलं. तेच मोबाइलवर लिहायला बसले आहे.

आप्पामामा आणि माई मावशी, सख्खी भावंडं. दोघांनीही लग्न केलं नाही. बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत एकत्र राहिली. आजी-आजोबांची आजारपणं मावशीने काढली. फ्लॅट मामाच्या नावावर.

मामा कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. शेजाऱ्यांकडे शिडी मागावी लागू नये म्हणून त्याने एकदा स्वयंपाकघरातला गेलेला बल्ब तसाच ठेवला. "अंधारातही घास तोंडातच जातो," म्हणाला.

मृत्युपत्र त्याने स्वतः लिहिलं. नकाशावर असावं तसं अक्षर. घर माईला. खाली त्याची सही. त्याखाली पट्टीने आखलेल्या दोन ओळी, साक्षीदारांसाठी.

दोन्ही रिकाम्या.

मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "मामा, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात."

"ओळी कोणी आखल्या? मला कायदा शिकवू नकोस."

"समोरच्या कुलकर्णीकाकांना बोलावते."

"त्याची चपलांची रॅक आधी माझ्या दारातून हलव म्हणावं."

"मग सोसायटीचे सेक्रेटरी?"

"म्हणजे माझं घर कोणाला जाणार, ते संध्याकाळी ग्रुपवर."

"अरे, त्यांनी मजकूर वाचायचाच नसतो. ही सही माझी, असं तू त्यांच्यासमोर सांगायचं. त्यांनी खाली सह्या करायच्या."

"न वाचता सही करतो तो कसला साक्षीदार? असल्या माणसाची सही मला नको."

म्हणजे वाचणारा नको. न वाचणाराही नको.

"बरं, एक मी करते."

"तू घरातली. उद्या म्हणतील, भाचीने बसून लिहून घेतलं."

आतून मावशी म्हणाली, "आप्पा, करून टाक रे एकदाचं. आणि पोहे निवताहेत."

"करतो म्हटलं ना. कुठे पळून चाललोय?"

पळून नाही गेला. दाढी करताना पडला. गालाला साबण तसाच.

मावशीची हाक ऐकून कुलकर्णीकाका बनियनवर धावत आले. डॉक्टर त्यांनी आणला. लिफ्टमध्ये तिरडी मावेना, तेव्हा जिन्याने उतरवली. पुढे कुलकर्णीकाका, त्यांच्या जोडीला सेक्रेटरी.

कोणी मागितलं नव्हतं.

खांदा द्यायला माणसं न बोलावता येतात, मामा. सहीला बोलवावं लागतं. एवढंच करायचं होतं.

घरी आल्यावर कुलकर्णीकाकांनी चपलांची रॅक आत घेतली. अजून बाहेर ठेवलेली नाही.

दिवसपाणी झाल्यावर मावशी तो कागद घेऊन वकीलबाईंकडे गेली. मी सोबत होते. मावशी निर्धास्त होती. आप्पाने लिहून ठेवलंय, असं ती रिक्षावाल्यालाही सांगत होती.

वकीलबाईंनी कागद वाचला. म्हणाल्या, "अक्षर फार सुंदर आहे."

मग म्हणाल्या, "पण याला मृत्युपत्र म्हणता येणार नाही."

साक्षीदार नाहीत, म्हणून मृत्युपत्र नाही. मृत्युपत्र नाही, म्हणून घर हयात भावंडांत सारखं. माझी आई आधीच गेली. राहिले दोघे: मावशी आणि वाघोलीचा धाकटा मामा. मला यात काही मिळणार नाही, म्हणून मोकळेपणाने बोलते.

धाकट्या मामाने फ्लॅट विकायला काढला. मावशीने नाही म्हणून पाहिलं. तो कोर्टाचं बोलला. ती घर शोधायला लागली. अर्धा फ्लॅट हातात आला म्हणजे काय येतं, ते पुण्यात घर बघितलेल्याला सांगायला नको.

मी त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "आप्पाला द्यायचंच असतं, तर त्याने दोन माणसं आणली नसती का? इतका हुशार माणूस."

हे वाक्य तो मावशीलाही ऐकवून आला होता.

काल तिची भांडी बांधत होतो. कुकरमध्ये वर्तमानपत्र कोंबता कोंबता तिने विचारलं, "त्याच्या मनातच नव्हतं का गं?"

मामा, नुसत्या भिंती गेल्या असत्या तर तुला माफ केलं असतं. आयुष्यभर तुझी पोळी गरम वाढणाऱ्या बाईला तू हा प्रश्न ठेवून गेलास. आणि लोक मला तुझा स्वाभिमान सांगतात.

म्हणून आज इथे लिहून देते.

त्याने तो कागद मला वाचून दाखवला होता. घर माईला द्यायचं होतं. तो पूर्ण शुद्धीत होता. नेहमीसारखाच, समोरच्याला मूर्ख समजण्याइतका.

कोर्टात याची किंमत शून्य. मला माहीत आहे.

हे मावशीला मोठ्याने वाचून दाखवलं. कुलकर्णीकाका खोकी बांधायला आले होते. दोरी हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "रंगारी आला होता, तेव्हा मी जिन्यात होतो. आप्पा त्याला म्हणाला, रंग माईला विचारा, घर तिचंच आहे. हे घाल त्यात. खाली माझं नाव टाक."

मावशीने डोळ्याला पदर लावला. "पिस्ता रंग सांगितला होता मी," म्हणाली.

काकांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला. चष्मा लावून सगळं पहिल्यापासून वाचलं. रॅकचंही.

"राहू दे," म्हणाले. "आणि आप्पाला कळव, वाचून सही केली."

साक्षीदार एक: भाची.
साक्षीदार दोन: समोरचे कुलकर्णी. वाचून.

घे, मामा. ओळी भरल्या. नीघ आता निवांत.