उंबऱ्याखालची आणि पेटीतली

रादिसाव गवंड्याने आयुष्यात चाळीसेक घरं बांधली आणि जवळजवळ तेवढीच पाडली. जुनं घर पाडायला गेला की त्याची एक रीत असे. उंबऱ्याला हात लावण्याआधी तो घरमालकाला पुढे करायचा. मालकाने टोपी काढून तीनदा म्हणायचं, "आम्ही निघालो, तूही नव्या घरी चल." मग सगळ्यांनी बाजूला होऊन एकेक सिगारेट ओढायची. उंबऱ्याखाली राहणाऱ्या राखणदार सापाला निघून जायला तेवढा वेळ पुरतो, असं वस्तादाने त्याला शिकवलं होतं. त्या सापाला कुणी मारत नाही, पकडत नाही, त्याला नावही ठेवत नाही. घरातल्या एकेका माणसाचा जीव त्याच्या जिवाशी बांधलेला असतो, हे अरिल्ये गावाच्या आसपासच्या खेड्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आणि अशा माणसाच्या घरात फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्याची नात दुन्या प्लास्टिकच्या पेटीतून साप घेऊन आली. नारिंगी रंगाचा, अंगावर तांबडे डाग असलेला, हातभर लांबीचा साप. तिचा बाप व्हिएन्नात ट्रक चालवायचा. गणितात पैकीच्या पैकी मिळाले तर मागशील ते देईन, असं तो फोनवर बोलून बसला होता. मग काय, रादिसावच्या लेकीला, रुझित्साला, नवऱ्याचा शब्द राखण्यासाठी दुन्याला घेऊन चाचाक शहरातल्या दुकानात जावं लागलं.

"कुठला हा?" रादिसावने विचारलं.

"मूळचा अमेरिकेतला, आजोबा. तिकडे हा मक्याच्या कोठारात उंदीर खातो, म्हणून मक्याचा साप म्हणतात. आणि हा नाही, ही. मादी आहे."

"म्हणजे कुणाच्या तरी कोठाराची राखणदार उचलून आणलीत?"

"बाबा, दुकानातून आणलीय," रुझित्सा म्हणाली. "तिचा जन्मच पेटीत झालाय. विष नाही, काही नाही. तुम्ही टोपी कशाला काढलीत?"

टोपी काढल्याचं रादिसावच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याने ती घाईघाईने परत घातली.

"हिचं नाव किफ्ला!" दुन्याने जाहीर केलं. किफ्ला म्हणजे सकाळी बेकरीत मिळणारा वाकडा पाव.

"नाव ठेवलंस?" रादिसावच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, त्यांना नाव ठेवत नाहीत!"

"मग हाक कशी मारायची?"

"हाकही मारत नाहीत!"

"मग पाळायची कशाला?" दुन्या म्हणाली.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. पेटीत जन्मलेला साप राखण कशाची करणार, पेटीची? विकत घेतलेली राखणदार घराची की घेणाऱ्याची? त्याने गुत्त्यात विषय काढून पाहिला. अर्धे म्हणाले, नशीबवान आहेस. उरलेले अर्धे म्हणाले, आधी ती बाहेर काढ. बिलं मात्र सगळ्यांनी त्याच्याच नावावर लावली. घरी यावं तर फ्रीजरमध्ये, हिवाळ्यासाठी कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून करून ठेवलेल्या सारम्यांशेजारी, पिशवीत गोठवलेले उंदीर. एके सकाळी त्याने गुपचूप बशीभर दूध पेटीत सरकवलं, तर रुझित्सा खेकसली.

"साप दूध पीत नाही, बाबा. पेटीचा चिखल केलात."

"आमच्या वेळी प्यायचा."

"तुमच्या वेळी मांजर पिऊन जायचं आणि नाव सापाचं व्हायचं."

लेकीची जीभ आईच्या वळणावर गेली होती. त्याने बशी उचलून धुवायला घेतली. दूध ठेवायचं कारण वेगळंच होतं आणि ते त्याने अकरा वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. हे नवं घर बांधायला बापाचं जुनं घर पाडलं, तेव्हा गवंडीही तोच आणि मालकही तोच. पुढे कोण कुणाला करणार? मे महिना निम्मा सरला होता, थंडीच्या आत छप्पर चढवायचं होतं. सापाला निरोप द्यायचा राहिला आणि कुदळीच्या दुसऱ्याच घावात उंबऱ्याखालचा साप मधोमध तुटला. त्याने तो आलुबुखाराच्या झाडाखाली पुरला. ऑक्टोबरात छप्पर चढलं आणि पंधरा दिवसांत त्याची बायको स्टामेन्का गेली. पोटात गाठ, म्हणाले डॉक्टर. डॉक्टरांना काय, ते काहीही म्हणतील. तिला आपणच मारलं, हे रादिसाव त्या दिवसापासून धरून चालला होता.

तिसऱ्या आठवड्यात किफ्लाचा रंग उतरला. नारिंगी अंग राखाडी पडलं, उंदराला ती तोंड लावीना. मंगळवारी सकाळी रादिसावने पेटीत डोकावून पाहिलं, तर तिचे डोळे दूध ओतल्यासारखे पांढरे झालेले. आणि त्याच सकाळी दुन्या तापाने फणफणलेली.

"शाळेत साथ आहे, निम्मा वर्ग घरी आहे," म्हणत रुझित्साने तिला औषध पाजलं. "झोपू द्या तिला. मी दोनपर्यंत येते." आणि ती रासबेरीच्या शीतगृहात कामावर निघून गेली.

रादिसाव एकदा पलंगाशी, एकदा पेटीशी असा फेऱ्या मारत राहिला. सापाची कात त्याने माळ्यांवर शंभरदा पाहिली होती, पण कात टाकण्याआधीचा साप कुणी पाहिलाय? त्याला एवढंच दिसत होतं, की राखणदार मरतेय आणि जिने तिला घरात आणलं, नाव ठेवलं, ती पोर पलीकडे कण्हतेय. त्याची पाचावर धारण बसली. तिला तिच्या जागी पोचवायला हवं. तिची जागा कुठे? अमेरिकेत? पेटीत? विचार करकरून डोकं चालेनासं झालं, तेव्हा हात चालू झाले. त्याने छिन्नी-हातोडा काढला आणि स्वतःच्या हाताने बसवलेला उंबरा फोडायला घेतला.

दोन तासांत वीतभर पोकळी झाली. त्यात लोकरीचा जुना मोजा अंथरला. मग त्याने टोपी काढली, आयुष्यात पहिल्यांदा साप हातात घेतला आणि पोकळीशी धरून म्हणाला, "जा बाई. हे घर तुझं."

उघड्या दारातून बोचरं वारं येत होतं. किफ्लाने पोकळीकडे तोंड केलं, तोंड फिरवलं आणि ऊब शोधत सरळ त्याच्या बाहीत शिरली. कोपर ओलांडून ती काखेत जाऊन बसली. आता काय करायचं? ओढावं तर तुटेल, हलावं तर चिरडेल. रादिसाव गुडघ्यांवर, एक हात पंखासारखा वर धरून, तसाच थिजला.

दोन वाजता रुझित्सा आली. तिने फुटका उंबरा पाहिला, बापाला पाहिलं.

"बाबा! हे काय केलंत?"

"आधी पोरीला बघ!"

ती पळत आत गेली आणि परत आली. "उठून बसलीय. ताप उतरला, सूप मागतेय. झालंय काय?"

तिच्या मागोमाग दुन्या पांघरूण गुंडाळून आली. "किफ्ला कुठाय?"

"काखेत," रादिसाव म्हणाला. "ती मरतेय गं. डोळे पांढरे झालेत."

"अहो आजोबा, मरत नाहीये! कात टाकणार आहे. डोळ्यांवरचीही कात निघते. मी परवाच सांगितलं, तुम्ही नुसतं हं हं केलंत."

रुझित्साने त्याची गुंडी काढली आणि किफ्लाला हलक्या हाताने बाहेर घेतलं. दुन्या तिला घेऊन पेटीकडे गेली. रादिसावचा हात मात्र वरच राहिला होता, तो रुझित्साने खाली आणला. तेव्हा त्याच्याने राहवेना. कुदळ, राहिलेला निरोप, आलुबुखाराचं झाड, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. "तुझ्या आईला मी मारलं," तो म्हणाला.

रुझित्सा त्याच्याशेजारी मातीत बसली.

"तुम्ही घर कधी पाडायला घेतलंत?"

"मे महिन्यात."

"आईला ईस्टरच्या आधीच सांगितलं होतं डॉक्टरांनी. मीच तिच्याबरोबर चाचाकला गेले होते. वर्ष निघणार नाही म्हणाले. घरी येताना तिने मला शपथ घातली, छप्पर चढेपर्यंत बाबांना कळू द्यायचं नाही. नाहीतर हातातलं काम टाकून बसतील, आणि मग घर कधीच व्हायचं नाही."

रादिसावने पुन्हा पुन्हा हिशेब लावला. आधी ईस्टर, मग मे. "पण ती माझ्याबरोबर विटा उचलत होती," तो म्हणाला.

"हो."

"उन्हाळाभर. गाणी म्हणत होती."

"हो, बाबा."

"आणि नंतर? नंतर का नाही सांगितलंस?"

"तिचं नाव काढलं की तुम्ही उठून जायचात. मला वाटलं, मी लपवलं हे तुम्हाला कळलंय आणि त्याचाच राग आहे."

राग कुणावर काढावा हे रादिसावला समजेना. अकरा वर्षं त्याने स्टामेन्काची फक्त माफी मागितली होती, थडग्यापाशीसुद्धा; तिच्यासाठी रडला कधीच नव्हता. ती विटा देताना मध्येच कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि तो कामातून मान वर करून ओरडायचा, "दमलीस का म्हातारे?" ती हसायची. हे आत्ता त्याला दिसलं. तो फुटक्या उंबऱ्यावर बसून ओक्साबोक्शी रडायला लागला.

दुन्या धावत आली. "आई, आजोबांना चावली का?"

"नाही गं," रुझित्सा डोळे पुसत म्हणाली. "आजी गेली म्हणून रडताहेत."

दुन्याला काही कळेना. आजी तर ती जन्मायच्या आधीच गेली होती.