चंदेरी पंप आणि वहिनीची बादली

माझ्या बोटांची मला फार घमेंड होती. सुरतेजवळ पलसाण्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये मी फिनिशिंग खात्यात तपासनीस आहे. कापड रंगून, धुऊन, वाळून बाहेर पडलं की माझ्या टेबलावर येतं. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून मी ते एकदा चोळतो आणि सांगतो, यात सूत किती आणि कांजी किती. आता लपवायचं कशाला, आमच्या खात्याचं कामच मुळी कापडाला अंग आणून देण्याचं. विरळ कापडाला कांजी आणि मऊपणाचं रसायन पाजलं की दुकानात ते इतकं भारदस्त वाटतं की गिऱ्हाईक घासाघीस करायचं विसरतं. पहिल्या धुण्यात ते मूळ पदावर येतं, पण तोवर ते गिऱ्हाइकाच्या दोरीवर असतं, आमच्या टेबलावर नसतं.

आमच्या या कलेचा काडीचा परिणाम न होणारी एकच व्यक्ती मला ठाऊक आहे, ती म्हणजे माझी वहिनी. मी मिलमधून कसलंही कापड आणलं, अगदी दिवाळीचं, तरी ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. आधी बादलीत बुडवते, पिळते, वाळत घालते आणि मग हात लावून काय ते बोलते. बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. त्या बादलीवरून मी तिला इतकी वर्षं चिडवत आलो की शेवटी चिडायचंही तिने सोडून दिलं.

पर्वत पाटियाजवळ आम्ही सगळे एकाच घरात राहतो. दादा माझ्याआधी खान्देशातून सुरतेला आला, बरीच वर्षं लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले, कानाने थोडा कमी झाला आणि मग त्याने एक जुना डिझेल टेम्पो घेतला. टेम्पोला आमच्याच मिलचं बांधलेलं काम आहे. कडोदऱ्याच्या लूमवरून कोरं कापड मिलमध्ये आणायचं आणि तयार माल बाजारात पोचवायचा. बांधलेलं काम म्हणजे रोज गेटवर भाड्यासाठी ताटकळायचं नाही. पण दोन-चार दिवस गाडी उभी राहिली की जागा गेलीच समजायची, कारण गेटबाहेर दुसरे टेम्पोवाले डोळे लावून बसलेलेच असतात. दादाच्या वयाला आता पुन्हा लूमवर उभं राहणं झेपणारं नव्हतं. त्यामुळे दादाला त्या टेम्पोचाच आधार होता.

आणि नेमका दिवाळीच्या तोंडावर टेम्पो सकाळी सुरू होईना. अर्धी गल्ली धक्का मारायला उतरायची. पुलावर चढताना तो असा धापा टाकायचा की मागचे रिक्षावाले उतरून हाल विचारतील असं वाटायचं. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, दोन नळ्या सोडल्या आणि सांगितलं की डिझेल पंप गेला. हा पंप इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला मोजून डिझेल पाजतो. तोच म्हातारा झाला तर कुणाला जास्त मिळतं, कुणी उपाशी राहतं. एवढ्या जुन्या गाडीला नवा पंप घालणं म्हणजे गाडीपेक्षा पंप महाग. तेव्हा कुणीतरी दुरुस्त करून नव्यासारखा केलेला पंपच बसवायचा होता.

आधी आम्ही एका पंपवाल्या काकांकडे गेलो. अरुंद गल्लीतलं दुकान, काकांचे हात कोपरापर्यंत काळे. फळीवर पंप मांडलेले होते, पण एकाही पंपाला रंग नाही, नुसते तेलाच्या फडक्याने पुसलेले. काकांनी आम्हाला पंप दाखवायच्या आधी प्रश्नच विचारायला घेतले. गाडी किती भार ओढते, धूर काळा की पांढरा, डिझेल कुठे भरता, मागचा पंप कोणी उघडला होता. आम्ही पंप घ्यायला आलोय की मुलगी बघायला, असं मी दादाच्या कानात म्हणालो, पण त्याला ते ऐकू गेलं नाही. शेवटी काकांनी सांगितलं की चार दिवस लागतील, जुना पंप जमा करावा लागेल आणि दर हा असा. दर ऐकून मी लगेच उठलो. दादा मात्र बसूनच राहिला.

दुसरं दुकान कडोदऱ्याला हायवेवर. काचेच्या कपाटात पंप, चंदेरी रंगाने चमचमणारे, प्रत्येकावर लाल स्टिकर. दुकानदाराने एक प्रश्न विचारला नाही, उलट थंडा मागवला. दर निम्म्याच्या आसपास आणि पंप आजच्या आज बसवून मिळणार. "लगाओ और भूल जाओ," तो म्हणाला. मी पंपावरून अंगठा फिरवला. काय गुळगुळीत अंग! या बोटांना आजवर कोणी फसवलं नव्हतं.

घरी वहिनीला फोनवर फोटो दाखवला. तिने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "भाऊ, वरतून रंग दियेल शे. पोटमा काय शे ते देखं का तुम्ही?"

"वहिनी, पंप काही बादलीत बुडवता येत नाही," मी म्हणालो आणि स्वतःच हसलो.

दादाचं मन काकांकडे ओढत होतं. इतकं विचारणारा माणूस काहीतरी जाणत असेल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला समजावलं की चार दिवस गाडी उभी राहिली तर जागा जाईल. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळंच होतं. मला त्या काकांचा राग आला होता. त्यांनी सगळे प्रश्न दादाला विचारले, मला एकही नाही. दादाने नेहमीप्रमाणे मान डोलावली. "तू शिकेल शे, तूच ठरव," तो म्हणाला. बारावीपर्यंत शिकल्याचा एवढा मान मला दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

चंदेरी पंप बसला आणि टेम्पो वासरासारखा उधळला. हायवेवर मी दादाच्या शेजारी बसून मांडीवर थापा मारत होतो. "गाडीची उचल बघ, दादा, उचल!" दादा आरशात मागे बघत म्हणाला, "धूर जास्ती निघी राहिना." मी म्हणालो, निघू दे, पंप नवा आहे, मोकळा होतोय. हे वाक्य मला कुठून सुचलं, देव जाणे.

दहा-बारा दिवसांनी माझ्या टेबलावर पांढऱ्या अस्तराच्या कापडाची एक ट्रॉली परत आली. माल पास करून मीच ती आदल्या दिवशी पॅकिंगसाठी प्लॅटफॉर्मवर, टेम्पो लागतात तिथे, पाठवली होती. आता कापडाच्या कडांवर बारीक काळे ठिपके. पास करताना ते नव्हते, हे सोयीस्करपणे विसरून मी सरळ स्टेंटरवाल्यावर धावून गेलो. स्टेंटर म्हणजे कापड ताणून वाळवणारं लांबलचक यंत्र आणि ते चालवणारा ओडिशाचा शांत, वयस्कर माणूस. चार लोकांसमोर मी त्याला नको नको ते बोललो. यंत्राचं तेल गळतंय, तुझं लक्ष कुठे असतं, वगैरे. त्याने कापड घेतलं, नाकाशी नेलं, ठिपक्यावर बोट घासलं आणि बोट मला दाखवलं. "साहब, ये तेल नहीं है. ये धुआँ है."

मिलमध्ये धूर कुठला, असं म्हणत मी तणतणत प्लॅटफॉर्मवर गेलो. तिथे दादाचा टेम्पो मागे मागे येत होता. प्लॅटफॉर्मला टेकताना दादाने जरा पाय दाबला आणि सायलेन्सरमधून काळ्या धुराचा एक लोट उठून रांगेत उभ्या असलेल्या पांढऱ्या ट्रॉल्यांवर जाऊन बसला. अगदी आरामात बसला, घरचाच असल्यासारखा.

नियम असा की माल खराब झाला की तपासनिसाने चिठ्ठीवर कारण लिहायचं. मी टेबलाशी येऊन चिठ्ठी पुढे ओढली. "यंत्राचं तेल" एवढं लिहिलं तर दादाचं काम शाबूत राहत होतं, आणि ज्याला मी आत्ताच शिव्या घातल्या त्याच माणसाच्या पगाराला कात्री लागत होती. "टेम्पोचा धूर" लिहिलं तर दादाची जागा गेली. मनात मी पहिलं लिहून मोकळासुद्धा झालो होतो, हे कबूल करतो. पण त्या म्हाताऱ्याचं काळं बोट डोळ्यांपुढून हलेना. मला माझीच लाज वाटली. मी चिठ्ठी घेऊन खाली गेलो आणि दादाच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. त्याने किल्ली फिरवून टेम्पो बंद केला.

"जे शे ते लिख," तो म्हणाला.

मी लिहिलं. स्टेंटरवाल्याची माफी मागितली, तीही त्याच चार लोकांसमोर. मॅनेजरसाहेबांनी चिठ्ठी वाचून चष्मा वर केला. "टेम्पो कोनो छे?" माझ्या भावाचा. "पंप कोणे लीधो?" मीच. साहेबांना हसू आवरलं नसावं, कारण ते लगेच खिडकीकडे वळले. धूर बंद होईपर्यंत गाडी गेटबाहेर, त्यांनी सांगितलं. मग जागा राहील का, मी विचारलं. "जोइशुं," म्हणजे बघू. त्याच दुपारी दुसरा टेम्पो आत आलासुद्धा.

आम्ही पुन्हा काकांच्या गल्लीत गेलो. त्यांनी चंदेरी पंप त्यांच्या बेंचवर चढवला. या बेंचवर काचेच्या चार नळ्या असतात. पंप फिरवला की प्रत्येक नळीत डिझेल जमतं आणि चारही नळ्यांतली पातळी सारखी यायला हवी. आमच्या पंपाने पहिली नळी तुडुंब भरली, दोन कशाबशा अर्ध्या केल्या आणि चौथीचा नुसता तळ ओला केला. डिझेल वाढवायचा स्क्रू शेवटपर्यंत पिळलेला होता. ज्या उचलीवर मी मांडीवर थापा मारत होतो, ती एवढीच होती, आणि न जळलेल्या डिझेलचाच तो धूर. काकांनी नखाने रंग खरवडला. खाली गंज.

"भाई, तमे शुं काम करो छो?" आज पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं.

"मिलमां. फिनिशिंग खातामां."

काका इतके हसले की त्यांना स्टूल धरावं लागलं. "तो तो तमे घरना ज माणस!" म्हणजे पंप रंगवणारा आणि मी, एकाच घरचे. दादाला या वेळी मात्र सगळं नीट ऐकू गेलं. तोही हसला.

चार दिवस टेम्पो गल्लीत उभा राहिला. दादा रोज सकाळी सवयीने उठायचा, टेम्पोची काच पुसायचा आणि परत येऊन बसायचा.

पाचव्या दिवशी काकांचा पंप बसला. मळकट, रंग नसलेला, आणि पुन्हा कोणी पिळू नये म्हणून स्क्रूवर शिशाचं सील. टेम्पो उधळला नाही, पण पहिल्या किल्लीला सुरू झाला. मॅनेजरसाहेबांना फोन केला, तर ते म्हणाले की तुझ्या डोळ्यांवर आता माझा भरवसा नाही. उद्या गेटवर सायलेन्सरमागे पांढरं कापड धरायचं. एक ठिपका दिसला तर गाडी कायमची घरी.

सकाळी निघताना वहिनीने एक पांढरं कापड माझ्या हातात दिलं. मागे मीच आणून दिलेला अस्तराचा तुकडा होता तो. मी सवयीने चिमटीत धरला, तर नुसती चिंधी. "वहिनी, हे अगदीच मरगळलंय. मी मिलमधून चांगलं घेतो."

"तुम्हनं चांगलं ऱ्हाऊ द्या. याले मी तीनदाव धुयेल शे. आते हाई खोटं बोलाव नही."

गेटवर मी सायलेन्सरमागे गुडघ्यांवर बसलो, दोन्ही हातांत ते कापड ताणून धरलेलं. टेम्पोवाले, पॅकिंगवाले आणि स्टेंटरवालाही बघायला आले होते. दादाने पाय दाबला. कापड गरम झालं, फडफडलं. तो पाय काढीपर्यंत मी ते खाली केलं नाही. मग साहेबांनी कापड घेतलं, उजेडात धरलं, उलटसुलट केलं. एकही ठिपका नव्हता. मग त्यांनीही, इतक्या वर्षांच्या सवयीने, ते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून चोळलं आणि तोंड वाकडं केलं.

"कापड तो साव ढीलुं छे. कई मिलनुं छे?"

"आपणी ज मिलनुं, साहेब," मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं आणि घडी न घालताच ते माझ्या हातात कोंबलं. मग त्यांनी दादाला प्लॅटफॉर्मकडे यायची खूण केली.