सासरच्या नावाची साडेसाती

शनी रास बदलणार होता, म्हणून त्या शनिवारी देवळात त्याला तेल वाहायला मोठी रांग होती. माझ्यापुढे आमच्या शेजारच्या शोभावहिनी होत्या. त्यांची कुंभ रास, साडेसाती चालू. मनगटावरचा काळानिळा डाग कुणाला दिसला की त्या पदर ओढून म्हणत, "यांचा स्वभाव वाईट नाही हो, शनीचा फेरा आहे."

मूर्तीवर तेलाची धार धरत त्यांनी विचारलं, "अजून किती राहिलीय, गुरुजी?"

गुरुजींनी पंचांगातून मान वर केली. "शोभा हे जन्मनाव ना?"

"नाही, सासरचं. माहेरची मी मंदा."

"मग रास सिंह. जन्मनावाची धरायची असते. तुम्हाला साडेसाती नव्हतीच, वहिनी."

तेलाची धार थांबली. इतक्या लांबचा तो ग्रह. एक रास ओलांडायला त्याला वर्षं लागतात, आणि वाटेत किती घरांतली मारझोड आपण त्याच्या नावावर घालतो. तो उलटून बोलत नाही, हे किती सोयीचं.

"मग इतकी वर्षं माझ्या घरात होतं कोण?" वहिनी पुटपुटल्या.

बाहेर त्यांच्या नवऱ्याने स्कूटरचा हॉर्न वाजवला. शनीच्या नजरेला नजर देऊ नये म्हणतात. वहिनी आजवर मूर्तीच्या बाजूला, मान खाली घालूनच उभ्या राहायच्या. आज त्या देवळाच्या दारात आल्या आणि स्कूटरवरच्या माणसाकडे समोरून बघत राहिल्या.