टॉवेलखालचा हात

मीरा, ईशान, माझ्या नातवंडांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, ‘सुधारणे’ म्हणजे काय? ‘चूक दुरुस्त करणे’ असं सांगून मी फोन ठेवला आणि मला बेल्ह्याचा बैलबाजार आठवला, शेणाच्या आणि कडब्याच्या वासासकट.

तेव्हा मी जुन्नरला कॉलेजात इंग्रजी शिकत होते. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि बैलजोडी विकायची होती. तिथे भाव तोंडाने ठरत नसे; टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून ठरे. एक व्यापारी जोडी घ्यायला पुढे आला, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांचा टॉवेल घेतला आणि त्याखाली हात घातला.

व्यापाऱ्याने विंचू चावल्यासारखा आपला हात काढून घेतला.

“अण्णा, पोरीला सुधारा राव. बाईमाणसाचं काम हाय का ह्ये?”

“सुधारतो की. तिचं काय चुकलं तेवढं सांग.”

“आजवर कुन्या बाईनं आसं क्येलं न्हाई.”

“मंग चूक आजवरची हाय,” अण्णा म्हणाले. “तिची न्हाई.”

भोवतीची माणसं हसली. व्यापारी निघून गेला. माझे कान तापले होते, पण हात मी टॉवेलखालीच ठेवला. बाजारभर फिरून तो परत आला, कारण तशी जोडी दुसरी नव्हती. त्याने मुकाट्याने माझी बोटं दाबली. भाव कमी होता. मी मान हलवून नाही म्हटलं, आणि त्याला वाढवावा लागला.

तेव्हा मला बैल विकल्याचा आनंद झाला होता. आज अण्णांचा प्रश्नच जास्त आठवतो. म्हणून कालचं अपुरं उत्तर सुधारते. कोणी तुम्हाला सुधारायला सांगितलं, तर आधी चूक विचारा. ती दाखवता येईना, तर हात मागे घेऊ नका.