लांब का?

लालबागला आमच्या चाळीखाली एक काका रोज सकाळी आपली जुनी गाडी पुसत असतात. नातवाचं तोंडही कुणी इतक्या मायेने पुसत नसेल. नाव मी कधी विचारलं नाही.

परवा पेपरात आलं, खासगी गाड्यांवरही पाळत ठेवणारं यंत्र बसवायचा सरकारचा विचार आहे. मी काकांना चिडवलं, “आता तुम्ही कुठे जाता ते सरकारला कळणार!”

त्यांचा हात थांबला. “कळू दे रे, मी काय चोऱ्या करतो? पण निघताना कुणी ‘कुठे’ विचारलं की काम होत नाही. आमची ही एवढी बोलकी, तीसुद्धा ‘लांब का?’ एवढंच विचारते. आणि हे मेलं यंत्र वळणावळणावर ‘कुठे, कुठे’ करणार!”

ते गाडीत बसले आणि सवयीने माझ्या तोंडून गेलंच, “मग आज कुठे?”

काकांनी चावी काढली, उतरले, अपशकुन टळावा म्हणून पायरीवर बसून घोटभर पाणी प्यायले आणि माझ्याकडे न बघता पुन्हा निघाले.

आता मी फक्त “लांब का?” विचारतो. तेव्हा काका काच खाली करून आपणहून सगळं सांगतात, “आधी भायखळ्याला भाजी, मग परळला गरम भजी. भज्यांचं तेवढं हिला सांगू नकोस.”